चाकातली माती

"थरथर हातात येते की सीटखाली?" शौकतभाईंनी विचारलं.

"हातात. स्टिअरिंग धरवत नाही."

"ब्रेक मारल्यावर?"

"नाही, ब्रेकचा काही संबंध नाही. ऐंशीच्या पुढे गेलं की सुरू होतं. वेग कमी केला की जणू काही झालंच नव्हतं."

शौकतभाईंचं टायरचं दुकान मिरजेहून सांगलीला जाताना डाव्या हाताला होतं. विद्याधर आमची गाडी नेहमी तिथंच नेत असत. भाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या टायरांवरून हात फिरवला.

"हातात येतंय म्हणजे पुढच्याच चाकात काहीतरी आहे, वहिनी. मागचं असतं तर बुडाखाली जाणवलं असतं. साहेब काय म्हणाले?"

"साहेबांना माहीत नाही मी गाडी आणल्याचं."

हे मी त्यांना कशाला सांगितलं, देव जाणे. भाई जॅक लावायला खाली वाकले.

खरं तर मला गाडीच्या थरथरण्याची फारशी काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती. भाचीच्या साखरपुड्याला मी एकटीच गाडी घेऊन कराडला गेले होते, तेव्हा हायवेवर ही थरथर पहिल्यांदा कळली. घरी येऊन विद्याधरांना सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "रस्ता खराब असेल." तो रस्ता नुकताच चौपदरी झालेला, कॅरमच्या बोर्डासारखा. मी तसं म्हटलं, तेव्हा म्हणाले, "बरं, मी बघतो. तू नको नेऊस कुठं."

नवऱ्याचा धंदा एक्स-रे मशीन दुरुस्त करण्याचा. मिरजेतल्या एका कंपनीत ते होते, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, शिवाय आजूबाजूच्या तालुक्यांतली ग्रामीण रुग्णालयं. पंख्याचा आवाज जरा बदलला तर जेवता जेवता उठून स्टूल घेणारा हा माणूस. त्याला हातात थरथरणारं स्टिअरिंग जाणवलं नाही? की जाणवलं होतं, आणि कुणाला दाखवायचं नव्हतं?

त्या वर्षी पावसाळ्यापासून ते महिन्यातून दोनदा तरी विजापूरकडे जात होते. तिथलं एक मशीन सारखं बिघडतं, असं सांगत. विजापूरहून आले की वर यायच्या आधी खाली बादली घेऊन गाडी धुवायचे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, गाडीला त्यांनी कधी फडकं लावलेलं मी पाहिलं नव्हतं. वर येऊन म्हणायचे, "मला जेवायला नको." दिवसभर उन्हातान्हात मशीन उघडून बसलेला माणूस रात्री जेवायला नको म्हणतो, म्हणजे त्याला कुठंतरी कुणीतरी समोर बसून वाढलेलं असतं. एवढं कळायला फार हुशारी लागत नाही.

मी एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होते. दिवसभर गिऱ्हाईकांची तोंडं बघून कोण कशाला आलंय ते ओळखायची सवय. पण घरातला माणूस समोर बसला की ती सवय कामाला येत नव्हती. विचारलं आणि तोंडावर खोटं मिळालं, तर पुढं काय करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. म्हणून मी विचारत नव्हते, नुसती बघत होते.

भाईंनी डावं चाक वर उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ढिलं नव्हतं. मग गरकन फिरवलं आणि डोळा बारीक करून कडेकडेनं पाहत राहिले. "रिम वाकडी नाही. टायरला फुगाही नाही." उजवं चाकही तसंच फिरवलं. मग नट काढून ते चाक खाली घेतलं, आतली बाजू वर करून ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा. ह्यानं छळलंय तुम्हाला."

रिमच्या आतल्या वळणात, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, चिखलाचा एक जाड थर वाळून बसला होता. भाईंनी स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं, तसं एक ढेकूळ सुटून खाली पडलं.

"चाक एका बाजूला जड झालं की वेगात असंच मारतं," ते म्हणाले. "सगळं काढतो, बॅलन्सिंग करून देतो. बाकी गाडीला काही नाही." मग ते ढेकूळ त्यांनी उचललं, बोटांनी चुरडलं. "कोकणात गेला होता काय?"

माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं. बोटं तांबडी झाली होती.

मिरजेची माती काळी. जत, अथणी, विजापूर, जिकडं जाल तिकडं काळीच. असली विटेसारखी तांबडी माती घाट उतरल्याशिवाय चाकाला लागत नाही.

"हो," मी म्हणाले. "गेलो होतो."

"चिखलात गेली, आणि मग बराच वेळ एका जागी उभी राहिली. धावत राहिली असती तर ओली असतानाच उडून गेलं असतं सगळं. उभ्या गाडीत खाली ओघळून साचतं आणि तिथंच वाळतं."

बराच वेळ उभी. एका जागी.

भाई चाक घेऊन मशीनकडे गेले, तसं मी पर्समधून दुकानाची एक कागदी पिशवी काढली, जमिनीवरचं एक ढेकूळ तिच्यात घातलं आणि पिशवीचं तोंड दुमडून टाकलं.

त्या संध्याकाळी जेवताना माझे सासरे, अप्पा, नेहमीच्या जागी बसले होते. पाठीमागच्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो. विद्याधर नऊ वर्षांचे असताना त्या गेल्या, कावीळ झाली होती, एवढंच मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. फोटोचा हार अप्पा स्वतः बदलायचे. नुकताच पितृपक्ष होऊन गेला होता, अविधवा नवमीला मी दरवर्षीप्रमाणे सासूबाईंचं पान वाढलं होतं.

"काल विजापूरला पाऊस होता का हो?" मी आमटी वाढता वाढता विचारलं.

"कुठला पाऊस," विद्याधर म्हणाले. "कोरडं ठाक आहे तिकडं."

मी त्यांच्याकडे बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही. मला धक्का बसला तो ह्याचाच. खोटं बोलणारा माणूस अडखळतो, पाणी पितो, विषय बदलतो, अशी माझी समजूत होती. हा माणूस भातावर आमटी कालवत होता.

अप्पांनी मात्र मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"गाडी भाईंना दाखवली," मी म्हणाले. "त्यांनी काम केलंय. रविवारी लांबवर चालवून बघू या. थरथर गेली का ते वेगात गेल्याशिवाय कळायचं नाही."

"मी नको नेऊस म्हटलं होतं."

"राहवलं नाही. काय निघालं, विचारत नाही तुम्ही?"

"काय निघालं?"

"बॅलन्सिंग गेलं होतं म्हणे."

त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि ते शेजारी बसले. अंकलीचा पूल ओलांडला, जयसिंगपूर मागं पडलं. मोकळा रस्ता लागला तशी मी गाडी ऐंशीवर नेली, नव्वदवर नेली. स्टिअरिंग माझ्या हातात शांत होतं.

"झालं की काम," ते म्हणाले. "वळव आता."

"अजून थोडं बघू."

हातकणंगले गेलं. कोल्हापूर आलं. शहराच्या बाहेरून काढून मी गाडी रत्नागिरी रस्त्याला लावली. ते सरळ होऊन बसले.

"इकडं कुठं, सुलभा?"

"मोकळा रस्ता आहे."

दोन्ही बाजूंना ऊस होता, मग ऊस विरळ झाला. बांबवडे गेलं, मलकापूर जवळ आलं, आणि कडेची माती रंग बदलू लागली. मी एका हातानं पर्समधली पिशवी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे चाकात होतं."

त्यांनी पिशवी उघडली. आत बघितलं. परत दुमडून तशीच हातात धरून बसले.

"गाडी बाजूला घे."

"नाही. मला तोंडाकडे बघून ऐकायचं नाही. बोलायचं असेल तर चालत्या गाडीत बोला. नसेल बोलायचं, तर घाट उतरल्यावर कुठं वळायचं तेवढं सांगा."

"तू समजतेस तसं नाही ते."

"मी काय समजते?"

आंब्याचा घाट लागला, वळणामागून वळण. स्टिअरिंग शांत होतं, मी नव्हते. डोक्यात एकच चाललं होतं. ती दार उघडेल तेव्हा मी काय म्हणायचं? वयानं किती असेल? मूल असेल का? पाऊस सुरू झाल्यापासून जातात म्हणजे मूल इतक्यात कसं असेल, की विजापूर हे नुसतं यंदाचं नाव, त्याआधी दुसरी गावं होती? जतला जायचे, अथणीला जायचे, चौदा वर्षं जातच होते. एक खोटं सापडलं की मागची सगळी वर्षं उकरून बघावीशी वाटतात, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी हाताला लागेल अशी भीती वाटते.

साखरप्याच्या अलीकडे ते म्हणाले, "डावीकडे."

कच्चा रस्ता होता, तांबडा. दोन्ही बाजूंना काजू. शेवटी एक चिऱ्याचं लहानसं घर होतं, पुढं अंगण, अंगणाच्या कडेला एका गाडीपुरती जागा. तिथं खोलगट झालेल्या मातीत चाकांच्या खुणा होत्या. मी गाडी बरोबर त्याच खुणांवर उभी केली.

दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "आज रविवारचं कसं काय आलास?"

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सत्तरीच्या आसपासच्या, उंच, केस पांढरे. डावं मनगट जरा वाकडं जुळलेलं. माझ्याकडे पाहून त्या थबकल्या, आणि मी त्यांच्याकडे पाहून.

ते कपाळ, त्या भुवया मी रोज बघत होते. रोज उदबत्ती ओवाळत होते.

"आई," विद्याधर म्हणाले, "ही सुलभा."

मी पायरीवर बसले. चौदा वर्षं मी ह्या बाईंचं पान वाढत आले होते, अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालत आले होते.

"आत ये की," त्या म्हणाल्या. "अशी दारात काय बसलीस."

बोलणं आमच्याकडचं, अस्सल मिरजेचं. कोकणात इतकी वर्षं काढूनही तसंच राहिलेलं.

त्या चहा करायला आत गेल्या तेव्हा विद्याधर माझ्या शेजारी पायरीवर बसले. सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते.

"इथल्या रुग्णालयातलं मशीन बंद पडलं होतं. सहकारी आजारी म्हणून मला पाठवलं. दुरुस्त झालं, आणि पहिली फिल्म काढली ती एका म्हाताऱ्या बाईच्या मनगटाची. मी फिल्म उजेडात धरून मशीन बरोबर चाललंय का एवढंच बघत होतो. बाहेर बाकावरून ती म्हणाली, 'व्हय रे बाळा, मोडलंय का नुसतं मुरगाळलंय?' इथं असं कोण बोलतं? मी केसपेपरवरचं नाव पाहिलं. इंदुमती."

"अप्पांना माहीत आहे?"

"ती जिवंत आहे हे त्यांना तेव्हापासून माहीत आहे. फोटो त्यांनीच लावला. आम्ही घर बदललं, आणि नव्या शेजाऱ्यांना त्यांनी कावीळ सांगितली. मलाही तेच बोलायला शिकवलं. नऊ वर्षांचा होतो, काही दिवस बोलताना घाबरायचो, मग सवय झाली."

मला जेवणाच्या वेळची ती न हललेली पापणी आठवली.

"कुणाबरोबर गेल्या त्या?"

"पाटणकर म्हणून ड्रॉइंगचे मास्तर होते, आमच्या मागच्या खोलीत राहायचे. हे त्यांचंच घर. ते वारले, बरीच वर्षं झाली. मिरजेच्या स्टँडवर ती माझा हात धरून आली होती. मला वाटलं, मीही जाणार. गाडी लागली आणि तिनं माझा हात सोडला. म्हणाली, घरी जा. एवढंच. मी चालत घरी आलो. अजूनही कुणी माझा हात सोडला ना, की एक क्षण मला..."

मी त्यांचा हात धरायला हवा होता. पण माझ्या मनातला राग एकदम कुठं जाणार? दुसरी बाई नव्हती, हे बरं झालं. पण इतकं मोठं काही हा माणूस माझ्या शेजारी झोपून सुखानं लपवू शकतो, हे आता मला कळलं होतं, आणि ते पुन्हा न कळल्यासारखं होणार नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिच्यासाठी पान वाढतेस. तुला काय तोंडानं सांगणार?"

चहा झाल्यावर विद्याधरांनी विहिरीवरची मोटर बघायला घेतली. ती चालू होत नव्हती. ते मागं गेले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात राहिलो. सासूबाईंनी मला पाट दिला, स्वतः चुलीपाशी बसल्या. मी मनाशी ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. पण विचारलंच.

"नऊ वर्षांच्या पोराला स्टँडवर सोडून जाववलं कसं तुम्हाला?"

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मोटरीशी खटपट करणाऱ्या विद्याधरांचा आवाज येत होता.

"त्यानं सांगितलं तुला? मी हात सोडला म्हणून?"

"हो."

"दोन तिकिटं काढली होती मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक माझं, एक त्याचं अर्धं. गाडीच्या दारापर्यंत आला. मी एक पाय वर ठेवला, आणि त्यानं हात हिसकून काढला. म्हणाला, मला अप्पांकडं जायचंय. आणि पळाला. मागं वळून बघितलं नाही. मी पायरीवर उभी. कंडक्टर म्हणाला, बाई, वर तरी चढा नाहीतर खाली तरी उतरा."

"आणि तुम्ही चढलात."

"चढले." त्यांनी नजर चुकवली नाही. "त्याची मला माफी नको. ती माझीच गोष्ट आहे."

"हे तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"पहिल्या खेपेला आला तेव्हा त्यानं विचारलं, तू माझा हात का सोडलास? रडत होता गं. एवढा मोठा बाप्या. माझ्या तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, कसं सांगू? त्यानं नवव्या वर्षी काय केलं, ते त्याला नको असेल म्हणून तर त्याच्या डोक्यानं ते उलटं करून ठेवलं. माझ्यावर रागवायला त्याला जमतं. स्वतःवर रागवायला लागला तर मी कुठं पुरी पडणार? मी म्हटलं, सोडला बाबा, चुकलं माझं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. दुकानात इतकी वर्षं माणसं पाहिली होती, पण ह्या चेहऱ्यावरचं काही मला वाचता येईना. त्या खरं सांगत होत्या? की इतकी वर्षं एकटीनं राहून, झोप यावी म्हणून हे असं रचून ठेवलं होतं? अर्धं तिकीट खरं होतं की नाही, ते आता कोण सांगणार? तिथं तिसरं कुणी नव्हतं.

"मग मला का सांगितलंत?"

"तू इथंवर गाडी घेऊन आलीस म्हणून," त्या म्हणाल्या. "सोडायची नाहीस तू त्याला. पण त्याला सांगू नकोस."

बाहेर मोटर सुरू झाली. विद्याधर आत आले, हात ओले, चेहऱ्यावर मशीन चालू झाल्यावर येतो तो आनंद. "पाणी आलं, आई," म्हणाले. त्या क्षणी ते खरंच नऊ वर्षांचे दिसले. मी त्यांना हात पुसायला फडकं दिलं.

त्यानंतर आम्ही दोघं जात राहिलो. घरी सांगताना विजापूरच सांगायचो, आणि मलाही ते अडखळल्याशिवाय सांगता येऊ लागलं. अप्पा कधी कधी विचारायचे, "विजापूरला पाऊसपाणी कसं आहे?" आणि उत्तर ऐकताना दुसरीकडे बघायचे. त्यांना माहीत होतं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. अप्पा गेल्यावर आम्ही सासूबाईंना मिरजेला या म्हणून विनवलं, पण त्या आल्या नाहीत.

गेल्या श्रावणात त्या गेल्या. झोपेतच. अग्नी विद्याधरांनी दिला. परतताना गाडी मी चालवत होते. घाट चढून मलकापूरला येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

"एक सांगायचं राहूनच गेलं तिला," ते म्हणाले. "तिनं स्टँडवर हात सोडला, त्याचा मला राग होता. तो कधीच गेला होता गं. तेवढं तोंडानं म्हणायला हवं होतं."

समोर एक ट्रॅक्टर होता. मी त्याला जागा दिली.

"ते त्यांना कळलं होतं," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"बायकांना कळतं," मी म्हणाले, आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. अगदी निरखून, बराच वेळ. मी रस्त्यावरची नजर काढली नाही.